मंडळी सोडली, भीती सुटत नाही

पत्र थोडक्यात असं आहे. नाशिक रोडला जेल रोड भागात राहणाऱ्या 29 वर्षांच्या एका वाचक भगिनीचं हे पत्र. त्या नऊ वर्षांच्या असताना त्यांचं घर एका स्वतंत्र ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गेलं. आठवड्याला चार सभा, दर महिन्याला तीन दिवसांचा उपास, पगाराचा दशमांश, 'जगिक' गाणी-सिनेमा-मैत्री बंद, लग्न मंडळीतच. सात महिन्यांपूर्वी त्यांनी जाणं थांबवलं. आता सातपूरच्या कंपनीतून संध्याकाळी घरी आल्यावर घर रिकामं दिसलं की छातीत धडधडतं: प्रभू येऊन सगळ्यांना घेऊन गेला, मी एकटी मागे राहिले. आई रोज रडते आणि घरातल्या प्रत्येक अडचणीचं खापर यांच्या 'मागे फिरण्यावर' फोडते. पाळक आणि सेल ग्रुपच्या (मंडळीतल्या छोट्या प्रार्थनागटाच्या) बायका न कळवता घरी येतात. सतरा वर्षांच्या भावाला फेफरं येतं, पण 'विश्वासाने बरा होईल' म्हणून महिन्याभरापासून त्याच्या गोळ्या बंद केल्यात. पंचवटीतले काका म्हणतात, रामकुंडावर विधी करून हिंदू धर्मात परत ये. शेवटी त्या विचारतात, "मी मंडळी सोडली की देवालाच सोडलं, हे मला ठरवता येत नाही. ते ठरल्याशिवाय मला बरं वाटणार आहे का?"

प्रिय मैत्रिणी,

हो, वाटणार आहे. देव आहे का, बायबलमधलं काय शब्दशः खरं आणि काय नाही, हे प्रश्न वर्षानुवर्षं चालतील आणि चालू द्यावेत. भीती, झोप, घरातली भांडणं आणि पैसा मात्र तेवढे दिवस थांबू शकत नाहीत, आणि त्यांच्यावर काम करायला देवाच्या प्रश्नाचं उत्तर हाताशी असावं लागत नाही. मंडळीतून बाहेर पडलेले बरेच जण उलट क्रमाने जातात. आधी रात्र रात्र जागून वाद वाचतात, व्हिडिओ बघतात, स्वतःशी भांडतात, आणि भीती तशीच राहिली की म्हणतात, म्हणजे मंडळीचंच खरं असणार. म्हणून देवाचा प्रश्न मी मुद्दाम उशिरा घेते.

सगळ्यात आधी तुमचा भाऊ. ह्या आठवड्यात एवढं एकच काम झालं तरी चालेल. फेफऱ्याच्या गोळ्या अचानक बंद केल्या की झटके आधीपेक्षा जोरात आणि लागोपाठ येऊ शकतात, आणि एकामागून एक थांबेनासे झाले तर जीवावर बेततं. पण घरात उरलेली जुनी पाकिटं काढून स्वतःच्या मनाने पूर्ण डोस सुरू करू नका. लॅमोट्रिजिनसारखं औषध काही दिवस बंद राहिलं की थेट जुन्या डोसवर जाता येत नाही, अंगावर गंभीर पुरळ उठण्याचा धोका असतो. जुनी चिठ्ठी, रिकामी पाकिटं आणि शेवटची गोळी कधी घेतली ती तारीख घेऊन ज्या डॉक्टरांनी औषध लिहिलं त्यांच्याकडे जा. ते लगेच भेटणार नसतील तर सिव्हिल गाठा. तोवर झटका आलाच तर त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवा, शर्टाचं वरचं बटण सोडा, घड्याळात वेळ बघा. तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजायचं नाही. झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला किंवा शुद्धीवर न येता दुसरा आला तर 108 ला फोन.

आईशी बोलताना विश्वासावर वाद घालू नका, तिच्याच पुस्तकातून बोला. लूक वैद्य होता, पौल त्याला कलस्सैकरांच्या पत्रात 'प्रिय वैद्य' म्हणतो. त्याच पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, नुसती प्रार्थना कर असं सांगितलं नाही. "प्रार्थनाही कर आणि गोळीही दे" हे तिला मान्य होण्याची बरीच शक्यता आहे, कारण त्यात तिला काही सोडावं लागत नाही. तरीही ऐकलं नाही तर भाऊ अजून अठरा वर्षांखालचा आहे हे लक्षात ठेवा. 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे आणि तिथे बहिणीने फोन केला तरी चालतो. दुरात्मा काढायच्या नावाखाली कोणी त्याला मारलं किंवा बांधून ठेवलं, तर महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. करणारा कोणत्या धर्माचा आहे, हे तो कायदा बघत नाही.

आता रिकाम्या घराची भीती. ह्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण ती नीट समजली तर पुढची निम्मी वाट सोपी होते.

नऊ वर्षांच्या मुलीला दर आठवड्याला सांगितलं गेलं की एका क्षणात सगळे उचलले जातील आणि ज्याच्या मनात पाप आहे तो मागे राहील. लहान मूल अशी गोष्ट तपासून घेत नाही, त्याचं शरीरच ती पाठ करून टाकतं. रिकामी खोली, न उचललेला फोन, गल्लीतली अचानक शांतता, ह्या खुणा तुमच्यात धोक्याची घंटा म्हणून बसल्या. आज तुमच्या बुद्धीला ते पटत नाही, पण घंटा बुद्धीला विचारून वाजत नाही. त्यामुळे "माझा विश्वास उरलेला नाही, तरी मी का घाबरते, म्हणजे आतून मला खरं माहीत आहे का?" ही शंका काढून टाका. भीती वाटणं हा कशाचाच पुरावा होत नाही. लहानपणी ज्यांना अंधाराची भीती घातली गेली, ते मोठेपणी अंधारात काही नसतं हे पक्कं माहीत असूनही दचकतात.

भीती टिकते ती त्यानंतर तुम्ही जे करता त्यामुळे. तुम्ही लिहिलंय की घर रिकामं दिसलं की आधी आईच्या चपला दाराशी आहेत का ते बघता, मग तिला फोन, नाही लागला तर बाबांना, मग व्हॉट्सॲपवर आई शेवटची कधी दिसली ते, आणि शेवटी शेजारच्या काकूंच्या टीव्हीचा आवाज येतो का ते कान देऊन ऐकता, कारण त्याही विश्वासू आहेत. आवाज आला की सुटल्यासारखं होतं. ह्या सुटकेतच अडचण आहे. प्रत्येक वेळी मेंदू शिकतो की 'तपासलं म्हणून वाचलो', आणि पुढच्या वेळी आणखी जोरात तपासायला लावतो.

म्हणून तपासणं हळूहळू कमी करायचं. एक वही घ्या. घरी आल्यावर भीती आली की शून्य ते दहा असा आकडा लिहा, समजा आठ. चपलांकडे न बघता आत जा आणि फोन करायला पाच मिनिटं उशीर करा. त्या पाच मिनिटांत नेहमीचं काम: पिशवी ठेवा, हातपाय धुवा, तांदूळ धुऊन कुकर लावा. मनात वाक्य आलं की 'सगळे गेले', तर त्याला उत्तर देऊ नका, खोडूही नका. "गेले असतील किंवा नसतील, मी आत्ता भाजी चिरतेय" एवढं म्हणा. दर पाच मिनिटांनी आकडा लिहा. धडकी साधारणपणे पहिल्या दहाएक मिनिटांत शिगेला पोचते आणि अर्ध्या-पाऊण तासात आपोआप उतरायला लागते. हे उतरणं काहीही न तपासता झालेलं तुम्ही स्वतः वहीत बघणं, हेच औषध. पाच मिनिटांचा उशीर तीन-चार वेळा जमला की दहा, मग वीस, मग चाळीस, आणि मग त्या कारणाने फोनच नाही. आईला फोन करायचाच असेल तर भाजीत मीठ किती घालू म्हणून करावा, जिवंत आहेस का हे बघायला नको. काही दिवस पायरी मागे जाईल. ते धरूनच चला.

हे फसतं ते ठरावीक ठिकाणी. पहिलं, बाहेरचं तपासणं बंद होतं पण आतलं सुरू राहतं: ओठ न हलवता 'प्रभू येशू, क्षमा कर' असं पटापट म्हणून टाकलं की तेही तपासणंच झालं. तुम्हाला खरोखर प्रार्थना करावीशी वाटते तेव्हा करा, पण घंटा वाजलेली असताना ती शांत करायला नको. दुसरं, रात्री 'रॅप्चर (सगळे उचलले जाणं) खोटं आहे' असे व्हिडिओ शोधत बसणं. दिसायला हा अभ्यास वाटतो, प्रत्यक्षात तो सुटकेचाच घोट. तिसरं, सरळ सगळ्यात अवघड पायरीवर उडी मारणं, म्हणजे एकटीने अमावास्येच्या रात्री शेवटच्या काळाचं प्रवचन लावून बसणं. तसं करू नका, सोप्यापासून सुरुवात करा. आणि चार तासांच्या झोपेवर, उपाशीपोटी हा सराव नको. तुमची महिन्याच्या उपासाची सवय अजून पूर्ण गेलेली नाही असं पत्रावरून दिसतं. रिकाम्या पोटी तीन कप चहा घेतल्यावर जो हाताला कंप सुटतो तो आणि भीतीचा कंप शरीराला सारखाच वाटतो. दुपारचा डबा पूर्ण खा.

एक अपवाद. तुम्ही लहानपणीच्या छडीबद्दल एकच ओळ लिहिली आहे आणि मी ती वाचली आहे. भीतीसोबत मार आठवत असेल, आपण पुन्हा तिथेच उभे आहोत असं वाटत असेल, तर वहीचा सराव तिथेच थांबवा. पाय थंड फरशीवर टेकवा, भिंतीवरच्या कॅलेंडरवरची आजची तारीख मोठ्याने वाचा, स्वतःचं आजचं वय म्हणा. त्या आठवणींवर काम एकटीने करायचं नसतं.

ज्या शिकवणीने ही घंटा बसवली तिच्याबद्दल एवढं एकदा वाचून ठेवा, पुन्हा पुन्हा नको. बायबलमधल्या थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातून ती काढली जाते, पण आज सभांमध्ये सांगतात त्या स्वरूपात ती 1830 च्या दशकात ब्रिटनमध्ये जॉन नेल्सन डार्बी यांनी मांडली आणि 1909 साली अमेरिकेत छापलेल्या स्कोफिल्ड यांच्या बायबलमधल्या टिपांमधून जगभर गेली. कॅथलिक आणि बहुतेक जुन्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये ती शिकवली जात नाही. विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी ख्रिस्ताच्या येण्याची तारीख 22 ऑक्टोबर 1844 धरली होती, हॅरल्ड कॅम्पिंग यांनी 21 मे 2011. दोन्ही दिवस नेहमीसारखे मावळले. इस्राएलमधल्या युद्धाची किंवा ग्रहणाची बातमी आली की तुमची भीती वाढेल, कारण सभेत त्याच बातम्यांवर प्रवचनं होत. अशा दिवसांत बातम्या दिवसातून एकदाच आणि वाचून घ्या, व्हिडिओवर नको. 'क्षमा न होणारं पाप' माझ्याकडून झालंय का, हेही तुम्ही विचारलंय. मार्काच्या तिसऱ्या अध्यायात ते वाक्य येतं ते येशूच्या चांगल्या कामाला सैतानाचं काम म्हणणाऱ्यांसमोर. सभेला न जाण्याशी त्याचा संबंध नाही, आणि कितीतरी पाळक शतकानुशतकं सांगत आले आहेत की ज्याला त्याची काळजी वाटते त्याने ते केलेलं नसतं.

मदत कोणाकडे मागायची? आधी साध्या फिजिशियनकडे जाऊन थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-12 तपासून घ्या, वर्षानुवर्षांच्या उपासानंतर हे राहून जातं. मग मानसोपचार. 'धार्मिक आघात' हा शब्द तुम्ही वाचला आहे, मार्लीन विनेल यांनी तो 2011 मध्ये रूढ केला. अधिकृत आजारांच्या यादीत तो स्वतंत्र नाव म्हणून नाही, त्यामुळे डॉक्टर तसं लिहून देणार नाहीत. ते चिंता, पॅनिक, ओसीडी (नको ते विचार पुन्हा पुन्हा येणं आणि ते शमवायला तीच कृती करत राहणं) किंवा आघातानंतरचा ताण असं काहीतरी लिहितील, आणि उपचाराला तेवढं पुरतं. तुमचं तपासणं आणि मनातल्या मनात क्षमा मागणं ओसीडीच्या जवळ जातं, ह्या प्रकाराला धार्मिक ओसीडी म्हणून डॉक्टर चांगलं ओळखतात. वर सांगितलेला सराव त्याच्याच उपचारातला आहे, इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला ईआरपी म्हणतात.

अपॉइंटमेंट घेतानाच तीन गोष्टी फोनवर विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी आहे का. ईआरपी किंवा सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्याची उपचारपद्धती) करता का. आणि, "मी एक कडक धार्मिक गट सोडला आहे, तुम्ही मला कोणत्याही धर्माकडे वळवणार नाही ना?" ह्या तिसऱ्या प्रश्नावर जी व्यक्ती प्रवचन सुरू करेल, मग ते 'प्रभूकडे परत या' असो की 'आपल्या संस्कृतीकडे परत या', तिच्याकडे जाऊ नका. आठवड्याला एक बैठक, सुमारे पाऊण तास, असे तीन-चार महिने धरून चला. गोळ्या लिहून दिल्या तर ओसीडीमध्ये त्यांचा पूर्ण परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. दुसऱ्याच आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून बंद करू नका, आणि बरं वाटलं म्हणून एकदम तर मुळीच नाही. परवडत नसेल तर सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी बघा. 14416 हा टेलिमानसचा सरकारी, मोफत, चोवीस तासांचा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. पहाटे तीन वाजता 'नरकात जायचंच आहे तर आत्ताच का नको' असा विचार येतो असं तुम्ही लिहिलंय. तो विचार आला त्याच रात्री हा नंबर लावा, सकाळची वाट बघू नका. नंबर आत्ताच फोनमध्ये साठवा आणि कंपनीतल्या ज्या मैत्रिणीचा उल्लेख केलाय तिला हे एक वाक्य तरी सांगून ठेवा.

घरात आई. तिचं रडणं तुम्हाला धाकात ठेवण्यासाठीचं नाटक वाटतं, आणि ते समजण्यासारखं आहे. पण तिच्या बाजूने बघा: तिची मुलगी कायमची आगीत जाणार हे तिला उद्याच्या सूर्याइतकं खरं वाटतं. अशा माणसाला युक्तिवादाने शांत करता येत नाही. तुम्ही जितके मुद्दे मांडाल तितकी ती पाळकांकडून उत्तरं आणेल. विश्वासाचा विषय निघाला की एकच वाक्य, रोज तेच, त्याच आवाजात: "आई, तुला माझी काळजी वाटते ते मला कळतं. ह्यावर मी आज बोलणार नाही. चहा टाकू?" आणि खरंच उठून चहा टाका. त्याचबरोबर दिवसातली वीस मिनिटं तिच्यासोबत अशी काढा ज्यात हा विषयच नसेल, भाजी निवडणं किंवा बिटको चौकापर्यंत चक्कर. तिला दिसू दे की मुलगी आहे तशीच आहे, बाहेर पडून बिघडलेली नाही. जेवणाआधी ती प्रार्थना करते तेव्हा शांत बसायला हरकत नाही. डोक्यावर हात ठेवून तुमच्यासाठी दुरात्मा घालवायची प्रार्थना मात्र नको, तिथे उठून जायचं. ही रेघ एकदा ठरवली की मोडू नका. दहादा नाही म्हणून अकराव्यांदा हो म्हटलं, तर घर शिकतं की अकरा वेळा मागायचं.

न कळवता येणाऱ्यांसाठी दार हाच मुद्दा आहे. आत येऊन बसले की दीड तास. म्हणून दारातच, चेहऱ्यावर राग न आणता, "आज मला वेळ नाही, घरी भेटायचं नाहीये, आईला भेटायचं असेल तर ती आतल्या खोलीत आहे," आणि स्वतः पायात चपला घालून बाहेर. कारण देऊ नका. कारण दिलं की त्याचं निवारण करायला पुढच्या मंगळवारी परत येतात. मंडळीला लेखी कळवायचं तर एवढंच: "मी मंडळीच्या सर्व सेवा आणि जबाबदाऱ्यांतून मोकळी होत आहे. प्रार्थनेसाठी किंवा समुपदेशनासाठी कृपया मला भेटायला येऊ नये." ग्रुपमध्ये लांब पोस्ट लिहून सगळं बोलून टाकायची इच्छा होईल. तिचे स्क्रीनशॉट होतील आणि रविवारी त्यावर प्रवचन होईल. तुमचा साक्षीचा, म्हणजे स्वतःचा विश्वासाचा अनुभव सांगणारा, व्हिडिओ त्यांच्या चॅनेलवर आहे, तो काढण्याची विनंती ह्याच संदेशाखाली एका ओळीत करा, आणि पाठवल्याचा स्क्रीनशॉट ठेवा. पापकबुलीत सांगितलेल्या गोष्टी उघड करायची धमकी कोणी दिली, तर तो भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे. बोलणं वाढवू नका, मेसेज जपून ठेवा, वकिलाला दाखवा.

पैशाचं लवकर उरका. यूपीआयवर दशमांशाचं ऑटोपे सुरू असेल तर ॲपमध्ये जाऊन आजच रद्द करा, पुढच्या महिन्यावर टाकू नका. इमारत निधीला दिलेला शब्द हे साधारणपणे कायदेशीर कर्ज होत नाही. पण मंडळीतल्या कोणाच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली आहे का, ते आठवून बघा, कारण ती सही मंडळी सोडल्याने सुटत नाही. दशमांश न देणाऱ्यांसाठीचा बायबलच्या मलाखी पुस्तकातला शाप मनात घोळेल, त्याला वहीतला आकडा द्या. तोच दहावा हिस्सा पुढचे सहा महिने उपचारासाठी वेगळा ठेवा. आधार, पॅन, मार्कशीट, पासबुक घरातल्या कपाटातून स्वतःच्या ताब्यात घ्या आणि डिजिलॉकरमध्येही ठेवा. घरातून बाहेर राहायचा विचार असेल तर डिपॉझिट सोडून तीन महिन्यांचं भाडं आणि खर्च साठल्याशिवाय जाहीर करू नका. घराच्या हक्काची धमकी कोणी दिली तर लक्षात ठेवा, धर्म सोडला म्हणून वारसा जात नाही. वडिलांनी मृत्युपत्र केलं तर ते वेगळं.

काकांचं बोलणं मायेपोटी असेल, तरी एक वर्ष कोणताही जाहीर विधी, सत्कार, भाषण किंवा मुलाखत नको. तुमची कहाणी कोणत्याही व्यासपीठावर फार लवकर उचलली जाईल, आणि एका मंडळीच्या साक्षीतून सुटून तुम्ही दुसऱ्या मंडळीची साक्ष व्हाल. त्याचा त्रास मागे राहिलेल्या आईला आणि भावाला होईल, शिवाय जेल रोडवरच्या अशा ख्रिस्ती शेजाऱ्यांनाही, ज्यांनी तुमचं काही वाईट केलेलं नाही. कंपनीतल्या गणपतीचा प्रसाद खाल्ला काय आणि नाही काय, ते तुमचं. हात थरथरला तर त्यालाही वहीत आकडा. विधी केला की जातीचा दाखला मिळेल असं कोणी म्हणत असेल, तर थांबा. 1950 च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरता आहे, आदिवासींना धर्माची अट नाही, आणि फक्त सवलतीसाठी केलेलं धर्मांतर न्यायालयात टिकत नाही. तुमच्या कागदपत्रांवर काय आहे ते वकिलाला दाखवल्याशिवाय कुठेही सही नको.

आता देवाचा प्रश्न. तुम्हाला वाटतंय दोनच दारं आहेत, ती मंडळी किंवा काहीच नाही. हे दोनच दारांचं गणितही मंडळीनेच शिकवलेलं आहे. तुमच्याच शहरात ख्रिस्ती जगण्याच्या कितीतरी तऱ्हा आहेत. शरणपूर ही वस्ती चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकात वसवली, गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकली. नाशिक रोडला बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत कोणकोणत्या धर्माची माणसं येतात ते तुम्ही लहानपणापासून बघताय, मंडळीने तिकडे फिरकू नका म्हणून सांगितलं असलं तरी. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, ज्यांचं माहेर इथलंच जलालपूर, त्यांनी पाचेक वर्षं घेतली आणि आपलं आपण ठरवलं. पुढे 1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र मेळा काढला, तरी ख्रिस्त सोडला नाही. दुसऱ्या बाजूला, बाहेर पडून कोणताच धर्म न मानता नीट, प्रेमाने जगणारी माणसंही आहेत. तुम्ही कुठे पोचाल ते मला सांगता येणार नाही, आणि सांगण्याचा माझा अधिकारही नाही. कुठल्या चर्चमध्ये जाऊन बसावंसं वाटलं तर शेवटच्या बाकावर बसा. पहिल्या तीन महिन्यांत नाव नोंदवू नका, सेवा स्वीकारू नका, दान ठरवून देऊ नका. आणि एक प्रश्न विचारा: "इथून कोणी सोडून गेलं तर तुम्ही त्याच्याशी बोलता का?" उत्तर द्यायला किती वेळ लागतो तेही बघा.

राहिला रविवार. नऊ ते एक ही वेळ सगळ्यात कठीण जाते, कारण वीस वर्षं त्या वेळी तुम्ही गात होतात, कीबोर्ड वाजवत होतात, चाळीस माणसं तुम्हाला नावाने ओळखत होती. मंडळीत वाईट होतं तसं हे चांगलंही होतं, आणि त्याचं दुःख करायला लाज वाटू देऊ नका. ती वेळ घरात बसून काढू नका, घरचे सभेला निघाले की तेव्हाच घर रिकामं होतं. सुरुवातीला ठरलेली जागा आणि ठरलेलं माणूस हवं: कंपनीतल्या मैत्रिणीबरोबर मिसळ, मग पांडवलेण्याच्या पायऱ्या. एखाद्या वाचनालयाचं सभासदत्व घ्या. पूर्वीसारखी घट्ट मैत्री लगेच मिळणार नाही. मंडळीत पहिल्या दिवशी मिठी मारत, बाहेर माणसं वर्षभर आधी नुसती हसतात, तरी ती मैत्री टिकते.

आणि गाणं सोडू नका. भजनं ऐकवत नसतील तर सध्या नको, पण हात सुरांवरून जाऊ देऊ नका. कीबोर्ड अजून मंडळीच्या हॉलमध्ये आहे असं लिहिलंय. तो तुमच्या पैशाने घेतलेला असेल तर पावती किंवा बँकेतली नोंद शोधा, मॉडेल नंबरसह एक साधा मेसेज पाठवा, "अमुक तारखेला संध्याकाळी सहा वाजता बाबा कीबोर्ड, स्टँड आणि अडॅप्टर न्यायला येतील." स्वतः जाऊ नका. सभा नसलेला वार निवडा आणि बाबांसोबत तुमचा एखादा चुलतभाऊ पाठवा, म्हणजे बाबांना तिथे कोणी बसवून घेणार नाही. अडॅप्टर विसरला जातो, तो आधी मागायला सांगा.

तुमची,
सदर लेखिका